गाडीच्या लेदर सीट: झीज कशी थांबवावी, नुकसान कसे दुरुस्त करावे

ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड दिवसाच्या उजेडात, जमल्यास भिंग हातात घेऊन, एकदा नीट पाहावी. गाडी काही वर्षे रोजच्या वापरात असेल तर तिथे बहुधा तीन पट्टे दिसतात. एका पट्ट्यात रंग शाबूत असतो, पण त्याला तेलकट चकाकी आलेली असते. त्याच्या शेजारी बारीक जाळीसारख्या रेषा उमटलेल्या असतात. आणि जिथे चढताना-उतरताना मांडी रोज घासते, तिथे रंग उडून खालचे फिकट, किंचित लवदार कातडे उघडे पडलेले असते. हे तीन वेगवेगळे दोष नाहीत, एकाच झिजेच्या त्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ब्रश, फडके आणि अर्धा तास पुरतो. दुसरीवर भेगा भरणारा फिलर, रंग आणि सुटीचा एक सबंध दिवस लागतो. तिसरीकडेही दुर्लक्ष केले तर कातडे फाटते आणि तो भाग नवा शिवून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हाताला लागते ते काय असते

बहुतेक गाड्यांच्या लेदर सीटवर आपला हात लागतो तो कातड्याला नव्हे, कातड्यावरच्या रंगाच्या थराला. कातडे कमावल्यानंतर त्यावर रंगद्रव्याचे थर दिले जातात, दाब देऊन दाणा, म्हणजे बारीक उंचसखल पोत, उठवला जातो आणि सर्वांत वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर बसवला जातो. कातड्याची जाडी साधारण 1 ते 1.5 मिलिमीटर असते, तर हा सगळा रंगकामाचा थर मिलिमीटरच्या काही शतांशाइतका. घाम, धूळ, ऊन, जीन्सचे घर्षण हे सगळे तो पातळ थर सोसत असतो. तो शाबूत आहे तोवर खालच्या कातड्याला फारसे काही होत नाही. तो तडकला की घाम आणि मळ थेट तंतूंत उतरतो आणि मग नुकसान झपाट्याने वाढते.

लेदर सीटची निगा म्हणजे या थराची निगा, ही गोष्ट एकदा पटली की नेहमीच्या अनेक चुका आपोआप टळतात. त्यांतली सर्वांत मोठी चूक म्हणजे लेदरला तेल पाजणे. चपला, पट्टे, घोड्याचे खोगीर यांच्या उघड्या कातड्याला तेल लावण्याची रीत जुनी आणि योग्यच आहे. गाडीच्या सीटवर मात्र तेच तेल रंगाच्या थराखाली फारसे जातच नाही. ते वर राहते, धूळ धरते, कपड्यांना लागते आणि पुढे कधी रंग द्यायची वेळ आली तर रंगाला बसू देत नाही. स्वयंपाकघरातली तेले, पेट्रोलियम जेली, बुटांचे पॉलिश आणि डॅशबोर्ड चमकवणारे सिलिकॉनचे स्प्रे यांपैकी काहीही सीटवर लावू नये. सिलिकॉनचा त्रास तर सर्वांत चिवट, कारण ते पुसले गेले असे वाटते तरी रंग देताना माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडून आपले अस्तित्व दाखवतेच.

आधी ओळख, मग उपाय

हातात ब्रश घेण्यापूर्वी सीट कशाची आहे ते ठरवावे. पुष्कळ गाड्यांत ज्या भागावर अंग टेकते तेवढाच भाग खऱ्या लेदरचा असतो. कडेचे आणि पाठीमागचे भाग त्याच रंगाच्या रेक्झिनचे असतात. दोन्ही इतके जुळवलेले असतात की नजर फसते. हेडरेस्टखाली किंवा सीटच्या तळाशी कातड्याची कापलेली कड दिसत असेल तर तिथे पाहावे. मागच्या बाजूला लवदार, गुंतागुंतीचे तंतू असतील तर ते लेदर. विणलेले कापड किंवा फोम असेल तर ते रेक्झिन किंवा कृत्रिम लेदर. कृत्रिम लेदर स्वच्छ करण्याची पद्धत बरीचशी तीच असली, तरी त्याला कंडिशनरचा, म्हणजे कातडे मऊ ठेवणाऱ्या द्रव्याचा, काहीही उपयोग होत नाही.

ते लेदरच आहे असे ठरल्यावर न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब तसाच फुगीर राहिला तर वर रंगाचा थर आहे, आणि पुढची जवळजवळ सगळी माहिती अशाच सीटसाठी आहे. थेंब शोषला जाऊन जागा गडद झाली तर ते अॅनिलिन लेदर आहे, म्हणजे ज्यावर थर नाही किंवा अगदीच नावापुरता आहे. झिजलेल्या जागीही थेंब शोषला जातो, म्हणून चाचणी शाबूत भागावरच घ्यावी. स्वेडसारखा मखमली पृष्ठभाग असेल तर त्यावर खालच्यापैकी कोणतेही द्रव वापरू नये. कोरडा ब्रश आणि त्याच पदार्थासाठी बनवलेला क्लीनर एवढाच मार्ग ठेवावा.

आणखी तीन गोष्टी आधीच पाहून घ्याव्यात, कारण त्या सुरक्षिततेच्या आहेत. पाठीच्या बाहेरच्या कडेवर एअरबॅगची चिठ्ठी किंवा खूण असेल तर त्या बाजूची शिवण मुद्दाम फाटण्यासाठी केलेली असते. अपघाताच्या क्षणी एअरबॅग तीच शिवण उसवून बाहेर येते. ती उसवलेली दिसली तरी घरी दोऱ्याने शिवू नये, चिकटवू नये, तिच्यावर ठिगळ तर मुळीच लावू नये. दुसरे, गरम होणाऱ्या सीटमध्ये कातड्याखाली तारांचे जाळे असते, त्यामुळे सुई खोल घालणे किंवा सीटवर गुडघा टेकून जोर देणे टाळावे. तिसरे, बारीक छिद्रांच्या हवेशीर सीटवर कोणतेही द्रव थेट ओतायचे किंवा फवारायचे नाही. ते छिद्रांतून आतल्या फोममध्ये, पंख्यात आणि सेन्सरमध्ये उतरते.

स्वच्छता: निम्मे काम इथेच होते

नवे गाडीचे लेदर चकाकत नाही. त्याचा पोत मंद, हाताला कोरडा आणि मऊ असतो. म्हणून सीट चमकू लागली की ती छान दिसते असे समजू नये; ती चकाकी त्वचेच्या तेलाची आणि त्यात बसलेल्या धुळीची असते. हा मळ नुसता दिसायला वाईट नसतो. धुळीचे कण कठीण आणि टोकदार असतात, आणि आपण सीटवर सरकतो तेव्हा ते पॉलिश पेपरसारखे काम करतात. रंग उडण्याचे मोठे कारण हेच आहे, आणि ते थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

सुरुवात कोरड्या कामाने करावी. व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रशाचे तोंड लावून शिवणी, खाचा, आणि बैठक व पाठ यांच्यामधली फट स्वच्छ ओढून घ्यावी. फट उघडण्यासाठी एका हाताने बैठक खाली दाबावी, म्हणजे आतली रेती दिसते. ही रेती राहिली आणि वर ओले काम सुरू केले, तर आपणच ती सीटभर फिरवून ओरखडे पाडतो.

क्लीनर लेदरसाठी बनवलेला, पाण्यावर आधारलेला आणि सौम्य असावा. कमावलेले कातडे किंचित आम्लधर्मी असते. त्याचा सामू साधारण 3.5 ते 5 च्या आसपास असतो. कपड्यांचा साबण, भांड्यांची पावडर किंवा सगळे काही साफ करणारे घरगुती स्प्रे बहुधा त्याच्या उलट टोकाचे, म्हणजे अल्कधर्मी असतात. एकदा वापरल्याने काही बिघडलेले दिसत नाही, पण वर्षानुवर्षे वापरले की वरचा थर कोरडा आणि ठिसूळ होतो. ओले टिश्यू हाताशी असतात म्हणून रोज वापरले जातात, तीही सवय चांगली नाही. मेलामाइनचा पांढरा स्पंज, जो डाग जादूसारखा काढतो, तो खरे तर अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. डागाबरोबर तो वरचा थरही खरवडून नेतो.

क्लीनर सीटवर नव्हे, मऊ केसांच्या ब्रशवर घ्यावा आणि ब्रशवर त्याचा फेस करावा. एका वेळी वहीच्या पानाएवढाच भाग धरावा. गोल-गोल, हलक्या हाताने, दाण्यांच्या खाचांत फेस जाईल असा ब्रश फिरवावा. अर्ध्या मिनिटात पांढरा फेस चहाच्या रंगाचा होतो. बारकाईने पाहिले तर खाचांतून निघालेला काळपट मळ फेसाच्या कडेला रेघेसारखा जमलेला दिसतो. तो वाळण्याआधीच मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्यावा, कारण वाळला की मळ पुन्हा तिथेच बसतो. मग दुसऱ्या, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा पुसावे. फेस पांढरा निघेपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे लागते. अनेक वर्षांत न धुतलेल्या सीटला चौथी फेरीही लागू शकते, पण जोर वाढवायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या. सगळे भाग झाले की दारे उघडी ठेवून सावलीत वाळू द्यावे. हीटर किंवा ऊन दाखवून घाई करू नये.

वाळलेल्या सीटवर तळहात फिरवून पाहावा. कोरडा, मंद, किंचित अडखळणारा स्पर्श आला म्हणजे सीट खऱ्या अर्थाने स्वच्छ झाली. पुष्कळदा गडद वाटणारी किंवा डागाळलेली सीट एवढ्यानेच एकदम उजळते आणि रंग देण्याची गरजच उरत नाही. दुरुस्तीचा निर्णय नेहमी स्वच्छतेनंतरच घ्यावा, असा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

डाग

शाईचा डाग ताजा असेल तर प्रथम फक्त टिपावा, कधीही चोळू नये. रंगाच्या थराच्या लेदरवर, न दिसणाऱ्या जागी चाचणी घेऊन, कापसाच्या काडीचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओले करावे आणि डागावर गोल लोळवावे. काडीवर शाई आली की ती काडी टाकून नवी घ्यावी. काडीवर सीटचा रंग येऊ लागला की त्या क्षणी थांबावे, कारण अल्कोहोल शाई आणि रंग यांत फरक करत नाही. काही दिवस उलटलेली शाई थरात मुरलेली असते. ती काढण्यापेक्षा तेवढी जागा रंगवून घेणे जास्त शहाणपणाचे.

जीन्सचा निळा रंग हलक्या रंगाच्या सीटवर उतरतो, विशेषतः जीन्स नवी किंवा ओलसर असेल तर. पहिल्या काही आठवड्यांत तो साध्या क्लीनरने निघतो, पुढे मात्र थरात शिरून कायमचा होतो. तेलाचा डाग थराच्या लेदरवर पुसला की जातो. अॅनिलिन लेदरवर मात्र टॅल्कम पावडर किंवा मक्याचे पीठ रात्रभर टाकून ठेवावे, सकाळी झटकावे, आणि गरज पडल्यास पुन्हा करावे. पाणी अजिबात लावू नये. च्युइंग गमवर पिशवीत घातलेला बर्फ ठेवून ते कडक करावे आणि नखाने उचलावे. पाणी सांडले तर ताबडतोब टिपावे आणि सावकाश वाळू द्यावे.

बुरशीला जरा जास्त काळजी हवी. गाडी मोकळ्या हवेत काढून, तोंडाला मास्क लावून, आधी कोरड्या ब्रशने बुरशी झटकावी आणि लगेच व्हॅक्यूम करावे. मग पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने चाचणी घेऊन पुसावे, आणि त्यानंतर लेदर क्लीनरने धुवावे. पण ओल कुठून येते ते सापडले नाही तर बुरशी परत येतेच. पायाखालचा गालिचा उचलून खाली हात लावून पाहावा. दाराचे गळके रबर किंवा एसीची तुंबलेली पाण्याची नळी यांचे पाणी बहुधा तिथे साचलेले असते.

उडालेला रंग आणि बारीक भेगा

हे काम घरी उत्तम होऊ शकते, पण त्यातला निम्म्याहून अधिक वेळ तयारीत जातो. जिथे जिथे हा प्रयोग फसलेला मी पाहिला आहे, तिथे रंग चांगला होता आणि खालची जागा तेलकट होती. पाण्यावर आधारलेला, खास लेदरसाठी बनवलेला रंग घ्यावा. फर्निचरचा, कापडाचा किंवा स्प्रेच्या डब्यातला साधा रंग पुरेसा लवचीक नसतो. बसता-उठता तो पोपड्यांसारखा निघतो.

हातमोजे घालून आणि दारे उघडी ठेवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने ती जागा पुसून घ्यावी. फडक्यावर थोडा रंग येणारच, आणि इथे तो यावा असेच अपेक्षित असते, कारण वरचा थर जरासा मोकळा झाला की नवा रंग धरतो. जवळपास ज्योत किंवा सिगारेट नसावी. मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने झिजलेली जागा आणि तिच्याभोवतीचा दोन बोटे रुंद भाग हलकेच घासावा. हेतू खरवडण्याचा नसून, उभे राहिलेले तंतू आणि सुटलेल्या रंगाच्या कडा सपाट करण्याचा आहे. डोळे मिटून बोट फिरवल्यावर शाबूत आणि झिजलेल्या भागाची सीमा जाणवू नये, इतपत. धूळ पुसून पुन्हा एकदा अल्कोहोलचा हात द्यावा.

कातडे उघडे आणि लवदार असेल तर त्यावर लेदर बाइंडर लावावा. हे पातळ, दुधासारखे द्रव तंतूंत मुरते, त्यांना एकमेकांशी बांधते आणि रंगासाठी पक्का तळ तयार करते. स्पंजने दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळू द्यावा.

भेगा असतील तर आता फिलर. पातळ, लवचीक पात्याने, किंवा नसल्यास जुन्या प्लास्टिक कार्डाने, फिलर भेगांत दाबून भरावा आणि वरचा सगळा ओढून काढावा. भिंतीला लांबी भरतात त्याप्रमाणेच हे काम आहे, फक्त थर कागदाइतका पातळ हवा. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि सीट वाकताच तुटतो. एक थर वाळला की 600 च्या पॉलिश पेपरने हलके घासून दुसरा द्यावा. तीन ते पाच थर लागतात. भेग पूर्ण अदृश्य करण्याच्या मोहात जास्त भरू नये, कारण त्यामुळे सीटवर एक गुळगुळीत, दाणा नसलेला चट्टा तयार होतो आणि तो भेगेपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. फिलर फक्त रंगाच्या थरातल्या आणि कातड्याच्या वरच्या भागातल्या भेगांसाठी असतो. भेग दोन्ही बाजूंनी ताणल्यावर आत खोल, तुटलेले तंतू दिसत असतील तर कातडेच गेले आहे. तिथे फिलर फार काळ टिकत नाही.

रंग जुळवणे हा या कामातला कसोटीचा भाग. सीटचा मूळ रंग कोणता ते स्वच्छ आणि ऊन न लागलेल्या जागी पाहावे, उदाहरणार्थ हेडरेस्टच्या मागे. मात्र सगळी सीट उन्हाने फिकट झाली असेल आणि आपण एकच तुकडा रंगवत असाल, तर आज दिसणाऱ्या रंगाशी जुळवावे, मूळ रंगाशी नव्हे. ओला रंग वाळल्यावर बदलतो. म्हणून हव्या त्या जागी एक ठिपका लावून, ड्रायरने वाळवून, दिवसाच्या उजेडात पाहावे आणि मगच पुढे जावे. चूक वाटली तर ठिपका ओल्या फडक्याने लगेच पुसता येतो. छटा सुधारताना काळा रंग फार जपून, काडीच्या टोकावर येईल इतकाच घालावा. करड्या आणि तपकिरी छटा बहुधा थोड्याशा पिवळ्या किंवा लाल रंगानेच सापडतात.

पहिला हात स्पंजने चोळून द्यावा, म्हणजे रंग भेगांत आणि दाण्यांच्या खाचांत उतरतो. पुढचे हात स्पंजने टिपून-टिपून द्यावेत. पुसल्यासारखे ओढले तर पट्टे दिसतात. स्पंजवर रंग कमी घ्यावा, इतका कमी की पहिल्या हाताने काही झालेच नाही असे वाटावे. दोन हातांमध्ये हेअर ड्रायर वीत-दीड वीत अंतरावर सतत हलता ठेवून जागा वाळवावी. हीट गन वापरू नये, ती कातडे आक्रसवते. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोडा बाहेरपर्यंत न्यावा आणि कडा विरळ करत जाव्यात. साधारण चार ते सहा हातांत रंग सारखा होतो. जागा मोठी असेल तर शेवटचे दोन हात एअरब्रशने दिल्यास काम कारखान्यातल्यासारखे दिसते. पण एक अख्खा भाग, म्हणजे एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, रंगवणे मधला तुकडा लपवण्यापेक्षा नेहमी सोपे पडते, कारण नजर शिवणीवर थांबते.

रंगावर संरक्षक पारदर्शक थर दिला नाही तर तो कपड्यांना लागतो आणि महिन्याभरात पुन्हा घासला जातो. शेजारच्या भागाची चमक पाहून मंद किंवा अर्धमंद फिनिश निवडावा आणि त्याचे तीन-चार पातळ हात द्यावेत. ज्यात हार्डनर मिसळायचा असतो असा फिनिश ड्रायव्हरच्या कडेसाठी जास्त टिकाऊ. त्यातील रसायन त्वचेला आणि श्वासाला अपायकारक असते. हातमोजे, मोकळी हवा, आणि फवारणार असाल तर रसायनांसाठीचा मास्क आवश्यकच. मिसळलेले द्रावण बाटलीवर दिलेल्या मुदतीत संपवावे. त्यानंतर किमान एक रात्र त्या सीटवर बसू नये आणि एक आठवडाभर ती ओली करू नये. वरून वाळलेला थर आतून पक्का व्हायला तेवढा वेळ घेतो.

चीर आणि भोक

बैठकीच्या किंवा पाठीच्या मधल्या, सपाट भागावरची बोटाएवढी चीर घरी सांधता येते. शिवणीला लागून असलेली किंवा कडेच्या उंचवट्यावर ताणाखाली असलेली चीर मात्र चिकटवून टिकत नाही, कारण प्रत्येक वेळी बसताना ती पुन्हा ओढली जाते.

चीर सांधण्याचे तत्त्व असे की जोर वरच्या कडांवर न येता खालच्या ठिगळावर यायला हवा. दाट विणीच्या, न ताणल्या जाणाऱ्या कापडाचा तुकडा चिरेपेक्षा चहूबाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोठा कापावा आणि त्याचे कोपरे गोल करावेत; टोकदार कोपरे वरून उमटतात. चिमट्याने तो चिरेतून आत सरकवावा आणि कातडे व फोम यांच्यामध्ये सपाट पसरवावा. कुठे दुमडला आहे का ते बोटाने चाचपडून पाहावे. आता काडीने एक कड उचलून कापड आणि कातड्याची मागची बाजू यांच्यामध्ये लवचीक लेदर-गोंद लावावा, मग दुसरी कड. दोन्ही कडा एकमेकांवर न चढता जेमतेम भिडतील अशा दाबाव्यात. बाहेर आलेला गोंद पुसून, वर बटर पेपर आणि सपाट वजन ठेवून गोंद पूर्ण वाळेपर्यंत सोडावे. वाळल्यावर वर आलेले तंतू लहान कात्रीने कापावेत, सांध्यात वर सांगितल्याप्रमाणे फिलरचे पातळ थर द्यावेत आणि रंग लावावा. शेवटच्या, अर्धवट ओल्या फिलरवर सीटच्या शाबूत भागाचा ठसा घेतलेला तुकडा दाबला तर दाणाही उमटतो.

क्षणात चिकटणारा सुपरग्लू या कामात कधीही वापरू नये. माझ्या स्वतःच्या गाडीत मागच्या बैठकीची एक लहान चीर मी पूर्वी त्यानेच चिकटवली होती. सांधा दगडासारखा झाला, आणि दोन महिन्यांत त्या कडक रेषेच्या अगदी लगत, मूळ चिरेपेक्षा लांब अशी नवी चीर पडली. कडक झालेल्या कातड्यात नंतर ठिगळही नीट बसत नाही.

सिगारेटचे भोक असेल तर जळालेली काळी कड आधी टोकदार सुरीने पूर्ण काढावी, मग वरीलप्रमाणेच ठिगळ आणि फिलर. कडा उसवल्या असतील, कातडे लांबवर फाटले असेल किंवा फोम बसून खड्डा पडला असेल, तर सीट शिवणाऱ्या कारागिराकडून तेवढा भाग बदलून घ्यावा. सीट गाडीतून काढायची असेल आणि तिच्याखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतील, तर ते काम माहितगार मेकॅनिकनेच करावे.

झीज होऊच नये म्हणून

आठवड्याला व्हॅक्यूम आणि कोरडे मायक्रोफायबर, दर तीन-चार महिन्यांनी फेसाने धुणे, आणि धुतल्यावर लेदर प्रोटेक्टंटचा एक पातळ हात. हलक्या रंगाच्या सीटला, ड्रायव्हरच्या बैठकीला आणि आर्मरेस्टला हे अंतर निम्मे ठेवावे. प्रोटेक्टंट वरच्या थरावर आणखी एक त्यागाचा थर देतो. जीन्सचा रंग आणि मळ आधी त्यात अडकतात आणि पुढच्या धुण्यात निघून जातात. कंडिशनर अॅनिलिन लेदरला खरोखर लागतो. थराच्या लेदरला तो वर्षातून एक-दोनदा, अगदी थोडा, पाण्यावर आधारलेला असेल तरच लावावा.

उन्हाचे नुकसान दोन प्रकारे होते. अतिनील किरणांनी रंगद्रव्य आणि पॉलियुरेथेन हळूहळू तुटते, आणि बंद गाडीतल्या उष्णतेने कातड्यातला ओलावा जातो, त्यामुळे ते आखडते आणि शिवणीपाशी ताण येतो. गाडी सावलीत लावणे, समोरच्या काचेला परावर्तक पडदा लावणे आणि मागच्या काचेजवळचा भाग झाकणे, एवढे नेमाने केले तरी सीटचे आयुष्य वाढते.

ड्रायव्हरची कड वाचवायची असेल तर चढण्याची पद्धत बदलावी. कडेवरून घसरत आत जाण्याऐवजी आधी बैठकीवर बसावे आणि मग पाय आत घ्यावेत. उतरतानाही पाय बाहेर टेकून सरळ उठावे, कडेवर हाताने भार देऊ नये. मागच्या खिशातल्या किल्ल्या आणि जीन्सचे धातूचे रिव्हेट चिरांचे नेहमीचे कारण असतात. हाताला लावलेले सॅनिटायझर आणि सनस्क्रीन पूर्ण वाळल्याशिवाय सीटला किंवा स्टिअरिंगला हात लावू नये, कारण दोन्ही वरच्या थराला मऊ करतात.

मुलांच्या सीटखाली दाबाचे खोल ठसे पडतात. त्या सीटच्या उत्पादकाने मान्य केलेला पातळ, हवा खेळती राहील असा संरक्षक ठेवावा आणि तो महिन्यातून एकदा उचलून खाली साफ करावे. रबराची किंवा स्वस्त प्लास्टिकची चटई सीटच्या रंगाशी चिकटते, म्हणून ती टाळावी. वरून कव्हर घालायचे असेल तर एअरबॅगसाठी कडेला उघडे असलेलेच घ्यावे, आणि त्याखाली साचलेली रेती लेदरला कव्हर नसण्यापेक्षा जास्त घासते हे ध्यानात ठेवून ते वेळोवेळी काढून झाडावे.

रंगकामातून उरलेला रंग फेकून देऊ नये. घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत भरून तिच्यावर तारीख आणि कोणत्या भागाला वापरला ते लिहावे, आणि ती गोठणार नाही अशा थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच कडेवर पहिला फिकट ठिपका दिसेल तेव्हा जागा धुऊन, अल्कोहोलचा एक हात देऊन, स्पंजच्या कोपऱ्याने तेवढाच ठिपका टिपायचा आणि त्यावर फिनिश द्यायचा. दहा मिनिटांचे काम असते.